सोने, मीठ आणि यंत्र: समुद्रावर चालेल असा मेटल डिटेक्टर कसा निवडावा

२०२५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पूर्व किनाऱ्यालगत समुद्रतळातून हजाराहून अधिक चांदीची आणि काही सोन्याची नाणी वर काढल्याची बातमी गाजली. १७१५ च्या जुलै महिन्यात वादळात सापडून बुडालेल्या स्पॅनिश ताफ्याचा तो ऐवज होता. अशी बातमी आली की ‘जमिनीखाली दहा मीटरवरचे सोने ओळखणाऱ्या’ यंत्रांच्या जाहिराती मोबाइलवर दिसू लागतात आणि सुट्टीत समुद्रावर जाणाऱ्या हौशी माणसाला आपणही एक मेटल डिटेक्टर घ्यावा असे वाटू लागते. फ्लोरिडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथे किनारा धुंडाळण्याचा हा छंद जुना आहे आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना तो परिचयाचा असतो. आपल्याकडे मात्र मेटल डिटेक्टर म्हटले की मॉलच्या दारातला रखवालदारच आठवतो.

यंत्र घेताना बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती खोल शोधते?’ हा. समुद्रासाठी हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा असायला हवा की हे यंत्र मिठाचे काय करते. कारण यंत्राच्या दृष्टीने ओल्या वाळूतले मीठ आणि सोन्याची नाजूक साखळी या दोन गोष्टी जवळजवळ सारख्याच दिसतात, आणि किनाऱ्यासाठी बनवलेल्या यंत्रांची किंमत, वजन, गुण आणि दोष हे सगळे शेवटी या एकाच अडचणीतून निघालेले आहेत.

यंत्र धातू ओळखते कसे?

मेटल डिटेक्टरच्या टोकाशी असलेल्या गोल तबकडीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तिला कॉइल म्हणतात. त्या तारेतून सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की कॉइलभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात वीज वाहू देणारी कोणतीही वस्तू आली की तिच्या आत छोटे प्रवाह गोल फिरू लागतात आणि ते स्वतःचे दुबळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. कॉइलमधला दुसरा भाग हे दुबळे उत्तर टिपतो आणि यंत्र ‘टूं’ असा आवाज करते. म्हणजे यंत्राला सोने, चांदी किंवा लोखंड यांतले काहीच दिसत नसते. आपल्या क्षेत्रात वीज वाहू देणारे काहीतरी आहे, एवढेच त्याला कळते, आणि बाकी सगळे त्याचे अनुमान असते.

हे अनुमान आजूबाजूच्या गोष्टींमुळे कसे फसते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८८१ मधले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि शरीरात अडकलेली गोळी डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपले धातूशोधक उपकरण घेऊन गेले. उपकरण चांगले होते. पण रुग्णाच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टरांनी तपासू दिली ती शरीराची उजवी बाजू, गोळी मात्र डावीकडे होती. बेल यांना खात्रीचा आवाज काही मिळाला नाही. समुद्रावर ही स्प्रिंगांची गादी मैलोन्‌मैल पसरलेली असते, कारण तिथे खुद्द वाळूच वीज वाहू देते.

मीठ नेमके आडवे कसे येते?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. गोड्या पाण्याच्या मानाने असे पाणी शेकडो पट अधिक सहजतेने वीज वाहू देते. धातूशी तुलना केली तर ते अगदीच क्षीण वाहक आहे, पण कॉइलखाली ते चमचाभर नसते. तिच्या संपूर्ण रुंदीखाली आणि चहूबाजूंना पसरलेले असते. त्यामुळे त्या सगळ्याचे एकत्रित उत्तर एखाद्या अंगठीच्या उत्तराला सहज झाकून टाकते.

कोरड्या वाळूत मीठ असले तरी ओल नसल्यामुळे ते निरुपद्रवी असते. म्हणूनच माळावर चालणारे कोणतेही साधे यंत्र भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत छान चालते आणि घेणाऱ्याचा गैरसमज होतो की आपले यंत्र ‘बीचवर चालते’. तेच यंत्र चार पावले खाली ओल्या वाळूत नेले की ते अखंड किरकिरू लागते. खरी मौज याच पट्ट्यात आहे. पोहताना, खेळताना, गार पाण्याने बोटे आक्रसली की अंगठ्या निसटतात त्या इथेच, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप मागे हटते तेव्हा एरवी पाण्याखाली असणारी वाळू उघडी पडते तीही इथेच. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारच्या, दिवसांत पाणी फारसे मागे जात नाही, हे कोकणातल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

किरकिर थांबवण्यासाठी यंत्राची संवेदनशीलता कमी केली तर?

करता येते, आणि बहुतेक नवखे लोक तेच करतात. संवेदनशीलता उतरवली की मिठाचा आवाज बंद होतो. पण त्याच्याच पातळीचे उत्तर देणारे सोनेही त्याबरोबर गप्प होते. अनेक यंत्रे प्रत्येक उत्तराला पडद्यावर एक आकडा देतात, तेव्हा दुसरा उपाय म्हणजे यंत्राला ‘या आकड्याच्या आसपासचे काही सांगू नकोस’ असे बजावणे. मिठाचा आकडा ज्या भागात येतो तिथेच चॉकलेटची चांदी, नाजूक कर्णफुले आणि बारीक साखळ्या येतात, त्यामुळे हा उपायही सोन्याच्याच मुळावर येतो.

साखळीची तर दुहेरी अडचण आहे. कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असल्यामुळे प्रवाह संपूर्ण साखळीत एकसंध फिरत नाही आणि यंत्राला एक मोठी वस्तू न दिसता एकेक कडी सुटी दिसते. दीड तोळ्याच्या साखळीपेक्षा तीन ग्रॅमची बंद कड्याची अंगठी अधिक स्पष्ट वाजते, आणि तीच अंगठी एका जागी तुटलेली असेल तर पुन्हा दबक्या आवाजात वाजते. हरवलेले मंगळसूत्र शोधून देण्याची हमी कोणी छातीठोकपणे देत असेल, तर त्याने हा प्रकार अनुभवलेला नाही असे समजावे.

एक फ्रिक्वेन्सी आणि अनेक फ्रिक्वेन्सी

कॉइलमधल्या उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाची सेकंदाला किती आवर्तने होतात त्या संख्येला फ्रिक्वेन्सी म्हणतात. बाजारातली बहुतेक साधी यंत्रे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. उदाहरणार्थ, गॅरेट कंपनीचे लोकप्रिय ‘एटी प्रो’ १५ किलोहर्ट्झवर चालते, म्हणजे सेकंदाला पंधरा हजार आवर्तने. शेतात, नदीकाठी, तळ्यात ते उत्तम आहे. पण एका फ्रिक्वेन्सीवर मिळालेल्या उत्तरात मिठाचा वाटा किती आणि धातूचा किती, हे वेगळे काढायला यंत्राकडे काही साधनच नसते.

मिठाची एक खोड इथे उपयोगी पडते. फ्रिक्वेन्सी वाढवली की मिठाचे उत्तर जवळपास त्याच प्रमाणात वाढत जाते. नाणे किंवा जाड अंगठी यांचे उत्तर मात्र एका मर्यादेनंतर तसे वाढत नाही. म्हणून दोन किंवा अधिक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी सोडल्या आणि त्यांची उत्तरे योग्य प्रमाणात एकमेकांतून वजा केली, तर मीठ जवळजवळ शून्यावर येते आणि धातू शिल्लक राहतो. दुकानदार तेल मोजण्याआधी रिकाम्या बरणीचा धडा करून घेतो, तसाच हा मिठाचा धडा आहे. फरक एवढाच की इथे बरणीचे वजन दर पावलाला बदलते, म्हणून यंत्राला तो धडा क्षणोक्षणी नव्याने करावा लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या मिनलॅब कंपनीने हे तंत्र रूढ केले. तिच्या, समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठीच्या ‘एक्सकॅलिबर’ यंत्रात १.५ ते २५.५ किलोहर्ट्झ या पट्ट्यातल्या सतरा फ्रिक्वेन्सी वापरल्या जातात. त्याच कंपनीचे ‘इक्विनॉक्स’ आणि ‘मॅन्टिकोर’, फ्रान्सच्या एक्सपीचे ‘डिअस टू’ आणि तुर्कस्तानच्या नोक्ताचे ‘लेजंड’ ही अलीकडची यंत्रे याच घराण्यातली आहेत. जाहिरातीत एक शब्द मात्र नीट वाचावा. ‘फ्रिक्वेन्सी निवडता येते’ आणि ‘अनेक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी चालतात’ हे दोन अगदी वेगळे दावे आहेत. पहिल्या प्रकारात आपण पाच, दहा किंवा पंधरा किलोहर्ट्झ यांतून एक निवडतो आणि यंत्र त्या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालते. त्याने मिठाचा प्रश्न सुटत नाही. समुद्रासाठी ‘एकाच वेळी’ हे शब्द हवेतच.

पल्स इंडक्शन: थांबून ऐकणारे यंत्र

मिठावरचा दुसरा इलाज अगदी निराळा आहे. पल्स इंडक्शन, म्हणजेच छंदी लोकांच्या भाषेत पीआय, या प्रकारच्या यंत्रात प्रवाह अखंड वाहत नाही. एक जोरदार झटका दिला जातो, तो एकदम तोडला जातो, यंत्र क्षणभर थांबते आणि मग ऐकते. मिठाच्या पाण्यात उठलेले प्रवाह फार अल्पजीवी असतात. साधारण दहा मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या भागात, ते विरून जातात. धातूतले प्रवाह त्याहून जास्त वेळ टिकतात. म्हणून जरासे उशिराने ऐकायला सुरुवात केली की मीठ आपोआप गाळले जाते आणि वजाबाकीची गरजच उरत नाही. या साधेपणामुळे पीआय यंत्रे ओल्या वाळूत शांत असतात आणि मोठ्या वस्तूंसाठी खोलवर पोहोचतात.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. अतिशय पातळ सोन्यातले प्रवाहही मिठाइतकेच लवकर विरतात, तेव्हा फार उशिरा ऐकणाऱ्या यंत्राला तेही सापडत नाहीत. ज्यात हा विलंब कमी-जास्त करता येतो असे यंत्र म्हणूनच बरे. दुसरी अडचण अधिक त्रासदायक आहे. बहुतेक पीआय यंत्रे लोखंड आणि सोने यांत फरक सांगत नाहीत. जे वाजेल ते खणायचे. बुडालेल्या जहाजाच्या आसपास प्रत्येकच वस्तू महत्त्वाची असते, तिथे हे चालते. जिथे दर दोन पावलांवर बाटलीचे बूच आणि गंजका खिळा आहे अशा गर्दीच्या चौपाटीवर मात्र संध्याकाळपर्यंत कंबर मोडते.

पडद्यावरचा आकडा पाहून सोने ओळखता येत नाही का?

अनेक फ्रिक्वेन्सींची यंत्रे प्रत्येक आवाजाबरोबर एक आकडा दाखवतात. लोखंड तळाशी, चांदीची मोठी नाणी वर आणि सोने मधल्या पट्ट्यात कुठेही, अशी ढोबळ रचना असते. दुर्दैवाने शीतपेयाच्या डब्याचे ॲल्युमिनियमचे झाकणही त्याच मधल्या पट्ट्यात बसते, त्यामुळे सोने हवे असेल तर झाकणे खणावीच लागतात, याला कोणत्याही किमतीच्या यंत्रात पर्याय नाही.

परदेशी मार्गदर्शकांवर विसंबणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९९२ पासूनचे एक रुपयाचे नाणे आणि २००५ पासूनचे दोन रुपयांचे नाणे चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचे आहे. यंत्राच्या हिशेबी ते लोखंडी कुटुंबातले आहे, आणि लोखंड गाळण्याची सोय चालू ठेवली की आपली नाणी पायाखाली असूनही गप्प राहू शकतात. अर्थात रुपया शोधण्यासाठी कोणी एवढा खर्च करणार नाही, हेही खरे.

काळी वाळू

मिठाखेरीज किनाऱ्यावर आणखी एक शत्रू असतो. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीसारख्या ठिकाणी वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त काळी खनिजे भरपूर आहेत. मीठ वीज वाहू देते म्हणून वाजते; काळी वाळू चुंबकीय असल्यामुळे वाजते. एका फ्रिक्वेन्सीचे यंत्र यांपैकी एकाशी जुळवून घेऊ शकते, दोन्हींशी एकाच वेळी नाही, आणि ओली काळी वाळू म्हणजे नेमके दोन्ही एकत्र. अशा किनाऱ्यावर पीआय किंवा अनेक फ्रिक्वेन्सींचे यंत्र याला पर्याय उरत नाही.

‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे, मग पाण्याखाली न्यायला हरकत काय?

वॉटरप्रूफ हा शब्द एकटा निरर्थक आहे. त्यापुढे मीटरचा आकडा हवा. ‘इक्विनॉक्स ८००’ तीन मीटरपर्यंत, ‘इक्विनॉक्स ९००’ आणि ‘मॅन्टिकोर’ पाच मीटरपर्यंत, ‘डिअस टू’ वीस मीटरपर्यंत, तर ‘एक्सकॅलिबर टू’ आणि गॅरेटचे पीआय यंत्र ‘सी हंटर मार्क टू’ सुमारे साठ मीटरपर्यंत नेता येते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा वाढतो, त्यामुळे तीन मीटरचे यंत्र सहा मीटरवर ‘थोडेसे’ नेऊन पाहण्यात शहाणपण नाही. काही यंत्रांत फक्त कॉइल जलरोधक असते आणि पडद्याची पेटी नसते. घोट्याएवढ्या पाण्यातून चालताना एक लाट आली की त्यांचे आयुष्य संपते.

पाण्याखाली आणखी दोन गोष्टी बदलतात. बिनतारी हेडफोनच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून काही सेंटिमीटरपलीकडे जात नाहीत, म्हणून तारेचे जलरोधक हेडफोन लागतात. ‘डिअस टू’ची तर कॉइलही बिनतारी असल्यामुळे बुडी मारताना तिच्यापासून पेटीपर्यंत अँटेनाची तार जोडावी लागते. आणि मोठी कॉइल पाण्यात हलवणे म्हणजे सतत पाणी ढकलणे. जमिनीवर अकरा इंचांची कॉइल सुखाची असली तरी छातीएवढ्या पाण्यात आठ ते दहा इंचांचीच बरी. ती तरंगत वर येणारी किंवा दगडासारखी खाली ओढणारी नसावी.

गंमत अशी की सर्वांत अवघड जागा खोल पाणी ही नव्हे. लाटा फुटतात त्या पट्ट्यात कॉइल क्षणात पाण्याखाली, क्षणात हवेत असते, मिठाचे प्रमाण सारखे बदलते आणि चांगली यंत्रेही तिथे बरळतात. कॉइल पूर्ण बुडालेली असली की ती पुन्हा शांत होतात.

मग ‘दहा मीटर खोल’ हे काय आहे?

बहुतांशी थाप. अंगठीएवढी वस्तू चांगल्या यंत्राने ओल्या वाळूत एक ते दीड वीत खोलीवर सापडली तर समाधान मानावे. वस्तू मोठी असेल तर अंतर वाढते, पण दुरूनच सोन्याची दिशा दाखवणाऱ्या कांड्या आणि अँटेना यांना भौतिकशास्त्राचा काहीही आधार नाही. हंडा सापडेल या आशेने अशा वस्तूंवर लाखभर रुपये घालवणारे लोक आपल्याकडे आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

मग कोणते घ्यावे?

फक्त कोरड्या वाळूवर फिरायचे असेल तर एका फ्रिक्वेन्सीचे स्वस्त यंत्र पुरते. ओली वाळू आणि कंबरेपर्यंतचे पाणी हा बेत असेल, आणि बहुतेकांचा तोच असतो, तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे आणि किमान तीन मीटरपर्यंत जलरोधक असलेले यंत्र घ्यावे. माझ्या मते पहिले यंत्र यापेक्षा वेगळे घेण्याचे कारण नाही. पीआय हे दुसरे यंत्र म्हणून उत्तम आहे किंवा ज्यांचा किनारा काळ्या वाळूचा आणि कचरा कमी असलेला आहे त्यांच्यासाठी. स्कूबाचे प्रशिक्षण घेतलेल्यांनीच वीस किंवा साठ मीटरच्या यंत्रांचा विचार करावा.

काही पैसे यंत्राबाहेरही राखून ठेवावेत. पाण्यात खणायला लांब दांड्याचे, भोके पाडलेले स्टेनलेस स्टीलचे फावडे लागते. त्याशिवाय लाट आली की खड्डा बुजतो आणि वस्तू पुन्हा हरवते. हातात धरण्याचा छोटा शोधक, ज्याला पिनपॉइंटर म्हणतात, तो पीआय प्रकारचा असावा, कारण स्वस्त पिनपॉइंटर ओल्या वाळूला टेकताच वाजत राहतात. घरी आल्यावर सगळे सामान गोड्या पाण्याने धुवावे, कॉइलच्या आवरणातली वाळू काढावी आणि चार्जिंगच्या जागा कोरड्या कराव्यात.

सापडेल ते आपले का?

नाही. फ्लोरिडात राज्याच्या मालकीच्या समुद्रतळावरचा ऐतिहासिक ऐवज राज्याचा असतो, आणि १७१५ च्या ताफ्याच्या अवशेषांवर न्यायालयाने हक्क दिलेल्या कंपनीखेरीज इतरांना तिथे काढता येत नाही. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजाची वस्तू मिळाल्यास २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला कळवावे लागते. भारतात १८७८ चा निखात निधीविषयीचा कायदा अजूनही लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि संरक्षित किल्ल्यांच्या हद्दीत तर परवानगीशिवाय खणताच येत नाही. कोणाची तरी काल हरवलेली अंगठी हा ठेवा नव्हे, पण म्हणून ती आपलीही होत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार सापडलेल्या वस्तूबाबत आपली जबाबदारी विश्वासाने वस्तू सांभाळायला दिलेल्या माणसासारखीच असते. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूत असतात आणि त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे; त्या काळात तिथे फावडे नेऊच नये.

पैसे देण्याआधीची परीक्षा

शक्य असेल तर यंत्र ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर तपासूनच घ्यावे, दुकानाच्या टेबलावर नव्हे. आधी वाळूत काहीही न पुरता कॉइल फिरवावी आणि यंत्र कितपत शांत राहते ते पाहावे. मग एक पातळ सोन्याची अंगठी दोऱ्याला बांधून वीतभर खोल पुरावी, दोऱ्याचे टोक बाहेर ठेवावे आणि संवेदनशीलता न उतरवता कॉइल दोन्ही बाजूंनी फिरवताना अंगठी सारखीच वाजते का ते ऐकावे. एकाच बाजूने वाजणारा आवाज बहुधा मिठाचा असतो. नंतर तेच घोटाभर पाण्यात करावे. यंत्र ऑनलाइन मागवले असेल तर ही परीक्षा परत करण्याची मुदत संपण्याआधी उरकावी, आणि परदेशातून आणलेल्या यंत्राची दुरुस्ती भारतात कोण करते हे आधीच विचारून ठेवावे, कारण समुद्राचे पाणी आत शिरल्याची तक्रार घेऊन जाणाऱ्याला पावती आणि जवळचे सेवा केंद्र या दोनच गोष्टी उपयोगी पडतात.